दिवाळीचा किल्ला सर्व्हरवर: आभासी जगात नव्याने उतरणाऱ्यांसाठी

पुण्यात शिकायला आलेल्या आणि 'आभासी जगं' किंवा 'डिजिटल सहभाग' असल्या विषयावर प्रकल्प हाती घेतलेल्या विद्यार्थ्यांसाठी हे लिहिते आहे. शाखा कुठलीही असो. प्रकल्प नसेल, नुसती उत्सुकता असेल, तरी चालेल. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच सांगते: हा विषय काठावर बसून कळत नाही. दुसऱ्याचं खेळणं यूट्यूबवर तासन्‌तास बघून जे हाती लागत नाही, ते स्वतः एक भिंत उभी केली आणि दुसऱ्या कुणी तिच्यात दार पाडलं की एका संध्याकाळीत समजतं. म्हणून पुढे वाचण्यापेक्षा करण्याचं काम जास्त आहे.

खर्चाची काळजी नको. डोळ्यांवर चढवायचा महागडा व्हीआर हेडसेट लागत नाही. साधा लॅपटॉप, माऊस, बऱ्यापैकी इंटरनेट आणि एक वही पुरे. माऊस मात्र खरंच घ्या. टचपॅडवर बांधकाम करताना मनगट दुखतं आणि माणूस कंटाळून सोडून देतो.

आधी जग निवडा

आभासी जग म्हणजे त्रिमितीय चित्रं, असा समज असतो. पण १९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी 'मड' नावाचं जे जग उभं केलं, त्यात एकही चित्र नव्हतं. 'उत्तरेला जा' असं टाइप करायचं, मग समोर काय आहे ते वाक्यांत वाचायचं. तरीही ते जग होतं, कारण त्यात एकाच वेळी अनेक माणसं होती आणि एकाच्या करणीचा परिणाम दुसऱ्याला दिसत होता. १९८६ मध्ये लुकासफिल्मच्या 'हॅबिटॅट'मध्ये खेळाडूंना चित्ररूप शरीर, म्हणजे अवतार, मिळालं. २००३ साली लिंडन लॅबने 'सेकंड लाइफ' सुरू केलं. तिथली घरं, कपडे, पूल, झाडं बहुतांशी तिथल्या रहिवाशांनीच बनवलेली आहेत.

कुठल्याही जगाला तीन प्रश्न विचारा. नवख्या माणसाला पहिल्याच दिवशी काही घडवता येतं का? जुनीजाणती माणसं आपणहून शिकवतात का? आपण केलेल्या कामाचं कुणाला काही वाटतं का? अमेरिकी माध्यम-अभ्यासक हेन्री जेंकिन्स यांनी २००६ च्या एका अहवालात 'सहभागी संस्कृती'ची जी लक्षणं मांडली, त्यांतली ही महत्त्वाची. पुण्यातल्या सोसायटीत दिवाळीचा किल्ला ज्यांनी केला आहे त्यांना हे नव्याने शिकवायला नको. गोणपाट आणि विटा कुणी आणायच्या हे न सांगता ठरतं, हळीव कधी पेरायचं ते मोठी मुलं सांगतात, कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यातून आणलेला मावळा बुरुजावर ठेवायचा की दारात, यावर भांडण होतं, आणि पाडव्यापर्यंत अख्खी सोसायटी बघून जाते.

हे तीन प्रश्न लावले तर मोठ्या कंपन्यांची बरीच चकचकीत 'मेटाव्हर्स' दालनं, म्हणजे अवतार घेऊन फिरायची त्यांची आभासी जगं, गळून पडतात. तिथे फिरता येतं, खरेदी करता येते, घडवता फारसं येत नाही. माझं मत स्पष्ट आहे: पहिलं जग म्हणून 'लुआंती' घ्या, ठोकळे रचून बांधायचं जग. पूर्वी याचं नाव 'मिनेटेस्ट' होतं, २०२४ मध्ये बदललं. ते फुकट आहे, मुक्तस्रोत आहे (म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे), विंडोज, लिनक्स, मॅक आणि अँड्रॉइडवर चालतं, जुन्या लॅपटॉपवरही ओढतं आणि त्याचा सर्व्हर, म्हणजे सगळे खेळाडू ज्याला जोडले जातात ते केंद्र, तुमच्या स्वतःच्या मशीनवर राहतो. मित्रमंडळी आधीच माइनक्राफ्ट खेळत असतील तर तेही चालेल, पण त्याला पैसे पडतात.

नाव, खातं, अवतार

टोपणनाव घ्या. त्यात जन्मसाल, कॉलेजचं नाव, पेठेचं नाव घालू नका. या कामासाठी वेगळा ईमेल काढा आणि जिथे सोय असेल तिथे दुहेरी पडताळणी सुरू करा. कार्ड किंवा यूपीआय कुठेही जोडू नका. इथे सांगितलेलं काहीही करायला पैसे लागत नाहीत. वय १८ च्या आत असेल तर घरी सांगून करा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ प्रमाणे १८ वर्षांखालच्यांची माहिती वापरायला पालकांची पडताळलेली संमती लागते. त्यामुळे खोटं वय टाकून काढलेलं खातं पुढे तुमच्याच अंगाशी येतं.

अवतार निवडताना एक छोटा प्रयोग करून बघा. २००७ साली निक यी आणि जेरेमी बेलेन्सन या संशोधकांनी दाखवून दिलं की ज्यांना उंच अवतार दिला ती माणसं वाटाघाटीत जास्त आग्रही झाली, आणि ज्यांना देखणा अवतार दिला ती समोरच्याच्या जास्त जवळ जाऊन उभी राहिली. काही दिवस एक अवतार वापरा, मग तो पूर्ण बदला. आपण कसे बोलतो आणि लोक आपल्याशी कसे बोलतात, दोन्ही टिपून ठेवा. मुलींना तर फरक लगेच जाणवेल. तो वहीत उतरवताना संकोच करू नका, कारण अभ्यासाचा खरा ऐवज तोच आहे.

बांधायला घ्या

लुआंती उतरवून घेतलं की ते रिकामंच उघडतं. आतल्या 'कंटेंट' विभागातून आधी एक खेळ उतरवावा लागतो. नवशिक्याला 'मिनेटेस्ट गेम' पुरे. मग नवं जग तयार करा, क्रिएटिव्ह मोड चालू ठेवा म्हणजे दगड-लाकूड गोळा करत बसावं लागणार नाही, आणि इजा होण्याचा पर्याय बंद करा. डाव्या बटणाने ठोकळा निघतो, उजव्याने बसतो. 'के' दाबलं की उडता येतं, 'एफ५' दाबलं की आपण कुठे आहोत त्याचे आकडे दिसतात, 'एफ१२' ने छायाचित्र निघतं. एवढ्यावर पहिला तास जातो.

आता काय बांधायचं? मी सुचवेन, राजगडाचा तुकडा. राजगड आपल्याच जिल्ह्यात आहे, रायगडाआधीची राजधानी आहे, आणि २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठा लष्करी वारशातले जे बारा किल्ले जागतिक यादीत घेतले त्यांत तोही आहे. अख्खा गड डोक्यात घेऊ नका. पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तीन माच्या आणि मधला बालेकिल्ला एवढा पसारा हाती घेतला तर सेमिस्टर संपेल आणि तटबंदी अर्धीच राहील. संजीवनी माचीवरचा एकच चिलखती बुरुज घ्या. आत एक तट, बाहेर दुसरा, मधे खोल अरुंद जागा आणि तिच्यात उतरणाऱ्या पायऱ्या. बांधायला लागलात की प्रश्न आपोआप पडतात: बाहेरचा तट पडला तर शत्रू कुठे सापडतो? या खाचेत एका वेळी किती माणसं मावतात? चित्र पाहून हे प्रश्न सुचत नाहीत. शक्य असेल तर एकदा गडावर जाऊन पावलांनी मापं घ्या. लुआंतीत एक ठोकळा म्हणजे ढोबळमानाने एक मीटर, त्यामुळे हिशोब सोपा पडतो.

गोल बुरुज चौकोनी ठोकळ्यांतून काढायचा कसा, इथे सगळे अडतात. अप्पा बळवंत चौकातून आलेखाची वही आणा आणि आधी कागदावर काढा. सात ठोकळे व्यासाचा बुरुज हवा असेल तर एकाखाली एक ओळी अशा येतात: ३, ५, ७, ७, ७, ५, ३. प्रत्येक ओळ मध्याला धरून ठेवायची. जवळून तो ओबडधोबड दिसतो, पण वीस ठोकळे मागे जाऊन पाहिलात की बुरुज गोल दिसायला लागतो. याहून लहान व्यासाचा बुरुज खांबासारखा वाटतो, म्हणून सातच्या खाली जाऊ नका. वरच्या थरांत हाच नकाशा तसाच चढवत न्या.

एकट्याने बांधलात तर निम्मा अभ्यास हुकेल, म्हणून दुसऱ्या दिवशी मित्रांना आत घ्या. जग सुरू करताना 'होस्ट सर्व्हर' वर खूण करा, नाव आणि पासवर्ड द्या. बाकीचे त्याच वाय-फायवरून तुमच्या लॅपटॉपचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) टाकून आत येतील. हॉस्टेलच्या किंवा कॉलेजच्या वाय-फायवर हे बहुधा चालत नाही, कारण तिथे एका मशीनला दुसरं मशीन दिसू दिलेलं नसतं. एकाच्या मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करून सगळे त्याला जोडा, काम होतं. डेटाही जवळपास लागत नाही, कारण सगळी वाहतूक आपापसांतच असते. उडण्याची परवानगी यजमानाने प्रत्येकाला द्यावी लागते, ती सगळ्यांना द्या. काहींना दिली, काहींना नाही, की पहिल्याच दिवशी गटात जातीपाती तयार होतात.

वाद होणार हे गृहीत धरा. कुणीतरी दगडी तटाला रंगीत काच बसवेल, कुणी पाण्याच्या टाक्यात लाव्हा ओतेल. लगेच पाडू नका. चॅटमध्ये विचारा, नियम ठरवा, आणि तो नियम जगातच एका पाटीवर लिहून दाराशी लावा. आमच्या गटात 'ज्याने बांधलं त्याला विचारल्याशिवाय पाडायचं नाही' या एका ओळीवर जितकी चर्चा झाली तितकी वर्गात क्वचित होते. बांधणारा आठवडाभर फिरकलाच नाही तर? दोघांनी मिळून बांधलं असेल तर? मोठ्या सार्वजनिक सर्व्हरवर हेच प्रश्न क्षेत्रराखणीच्या मॉडने (मॉड म्हणजे खेळाला वरून जोडायची पुरवणी) सोडवलेले असतात: आखलेल्या जागेत परक्याला ठोकळा हलवताच येत नाही. आधी तुमचे प्रश्न तुम्हीच बोलून सोडवा, मगच तो मॉड लावा. दोन्हींतला फरक प्रकल्पात लिहिण्यासारखा आहे.

दुसऱ्याच्या गावात पाहुणे म्हणून

स्वतःचं जग जमलं की परक्या सर्व्हरवर जा. तिथला पहिला शिष्टाचार म्हणजे सुरुवातीच्या चौकातल्या पाट्या वाचणं. पहिले काही दिवस कमी बोला, लोक एकमेकांना काय म्हणून हाक मारतात ते ऐका. मदत मागताना आपण आधी काय करून पाहिलं ते सांगा, उत्तरं चांगली मिळतात.

सेकंड लाइफला एक फेरी जरूर मारा, विद्यार्थी म्हणून. भाग सर्वसाधारण, मध्यम आणि प्रौढ अशा श्रेण्यांत विभागलेले आहेत. पहिल्या श्रेणीतच राहा. तिथली कुठलीही वस्तू उचलून तिचे हक्क पाहा: नक्कल करता येते का, बदलता येते का, दुसऱ्याला देता येते का. प्रत्येक वस्तूला हे तीन वेगवेगळे हक्क चिकटलेले असतात आणि तिथली सगळी बाजारपेठ त्यांच्यावर उभी आहे. २००७ साली स्वीडनने तिथे आपलं दालन थाटलं होतं, अनेक विद्यापीठांनी तिथल्या आभासी बेटांवर जागा घेतली होती. २०१० मध्ये कंपनीने जागेच्या भाड्यातली शैक्षणिक सवलत बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि कित्येकांनी गाशा गुंडाळला. पुढे २०१३ मध्ये सवलत परत आली, पण गेलेली गर्दी परतली नाही. जागा भाड्याची असली की भाडं कोण ठरवतं, हे पाहायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

पुण्याचंच आभासी जग: नकाशा आणि विकिपीडिया

इथवर बऱ्याच जणांना वाटतं की आभासी जग म्हणजे ठोकळे आणि अवतार. पण रोज वापरातलं एक मोठं सहभागी जग म्हणजे 'ओपनस्ट्रीटमॅप', २००४ साली स्टीव्ह कोस्ट यांनी सुरू केलेला सगळ्यांचा नकाशा. त्यात पुणे आहे, पण पेठांमधले बोळ, टेकड्यांवरच्या पायवाटा, पाणपोया, पायऱ्यांशेजारचे उतार यांत अजून भरपूर काम बाकी आहे.

खातं काढा, तिथलं नकाशा संपादनाचं साधन उघडा आणि त्यातला सराव-फेरफटका पूर्ण करा. मग एकच बोळ निवडा आणि चालून या. सुरुवात कुठे, शेवट कुठे, दुचाकी जाते का, मधे पायऱ्या आहेत का, दिवा आहे का, पाटीवर नाव काय लिहिलंय. दाटीवाटीच्या इमारतींत मोबाइलचा जीपीएस भिंतींवरून परतलेल्या लहरींनी फसतो आणि निळा ठिपका शेजारच्या आळीत उडी मारतो. म्हणून ठिपक्यावर विसंबू नका. उपग्रहचित्रातली छपरं ओळखून आणि पावलं मोजून रेघ ओढा. नाव मराठीत भरा, पाटीवर आहे तसंच. जतन करताना काय बदललं ते एका ओळीत लिहा आणि 'माझं संपादन कुणीतरी तपासावं' या चौकटीवर खूण करा. जगाच्या दुसऱ्या टोकावरचा अनोळखी माणूस तुमच्या शुक्रवार पेठेतल्या बोळाबद्दल आपुलकीने सूचना करतो, तेव्हा सहभागी संस्कृती म्हणजे काय ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

दोन गोष्टी कटाक्षाने पाळा. गूगल मॅप्सवरून काहीही उतरवून घ्यायचं नाही. हक्कभंग होतो आणि तुमचं काम काढून टाकलं जातं. आणि नकाशावर आज जे जमिनीवर आहे तेच राहतं. वाडा पाडून तिथे अपार्टमेंट उभी राहिली असेल तर वाडा नकाशातून जातो. मन दुखतं, पण नियम बरोबर आहे. त्या वाड्याला जागा आहे ती विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या मुक्त चित्रसंग्रहात: पडण्याआधी फोटो काढून ठेवा. भारताच्या कॉपीराइट कायद्यात, १९५७ च्या, इमारतींचे फोटो काढून प्रसिद्ध करायला मोकळीक आहे. आत राहणाऱ्यांची नावं आणि चेहरे मात्र घेऊ नका.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे. सरावाच्या पानाला तिथे धूळपाटी म्हणतात, चर्चेच्या कट्ट्याला चावडी. सुरुवात या दोन पानांपासूनच करा. देवनागरी टंकण्यासाठी संपादन-चौकटीत कंट्रोल आणि एम दाबून अक्षरांतरण सुरू होतं. पहिल्या दिवशी नवा लेख लिहायला बसू नका. आपल्या गावाचा, तालुक्याचा लेख उघडा, शुद्धलेखन सुधारा, एका वाक्याला संदर्भ जोडा. पुणे नगर वाचन मंदिरात किंवा पुणे मराठी ग्रंथालयात तासभर बसलात तर चांगले संदर्भ मिळतात. वर्तमानपत्रातून उचलून चिकटवलेला मजकूर उडवला जातो, आणि उडवायलाच हवा. कुणी तुमचं संपादन परतवलं तर चिडून पुन्हा टाकू नका. 'इतिहास' पाहा, कारण वाचा, चर्चापानावर लिहा.

कुणी त्रास दिला तर

म्यूट, ब्लॉक, सर्व्हर-चालकाकडे तक्रार, या क्रमाने. स्क्रीनशॉट आधी घ्या, ब्लॉक नंतर करा. पैशांची फसवणूक झाली तर वेळ न घालवता १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे गोठवता येण्याची शक्यता जास्त. ऑनलाइन ओळखीच्या माणसाला भेटायचंच असेल तर दिवसा, गर्दीच्या ठिकाणी आणि सोबत कुणाला तरी घेऊन.

नोंदी कशा ठेवायच्या

प्रत्येक बैठकीनंतर लगेच अर्धं पान लिहा. काय बांधलं यापेक्षा कोण कुणाला काय म्हणालं, कुणी शिकवलं, कुणी गप्प राहिलं, नियम कुठे मोडला, हे लिहा. लोकांच्या चॅटमधलं वाक्य प्रकल्पात वापरायचं असेल तर त्यांना विचारा. सार्वजनिक सर्व्हरवर म्हटलं म्हणून ते वापरायला मोकळं होत नाही. टोपणनावही बदला, वर्षानुवर्षं तेच टोपणनाव वापरणाऱ्याला ते खऱ्या नावाइतकंच ओळखीचं असतं. 'मी विद्यार्थी आहे, या जगावर प्रकल्प करतेय' हे पहिल्याच ओळखीत सांगा. लोक उलट जास्त मोकळेपणाने बोलतात.

जग बंद पडण्याआधी

ऑर्कुट हे गप्पांचं संकेतस्थळ ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं आणि तिथल्या मराठी कट्ट्यांवरच्या गप्पाही गेल्या. लहान मुलांचं क्लब पेंग्विन २०१७ मध्ये गेलं, अल्टस्पेस व्हीआर आणि मोझिला हब्ज ही एकत्र जमायची आभासी जगं अनुक्रमे १० मार्च २०२३ आणि ३१ मे २०२४ ला. हब्जचा मूळ कोड खुला होता, म्हणून तो लोकांनी पुढे चालू ठेवला. बाकीच्यांच्या नशिबी ते नव्हतं. जग निवडताना मी मालकी आणि निर्यात (आपलं काम उचलून बाहेर नेता येणं) या दोन गोष्टींवर इतका भर देते त्याचं कारण हे आहे.

लुआंतीत हे काम पाच मिनिटांचं आहे. आधी सर्व्हर बंद करा. चालू असताना काढलेली प्रत बिघडू शकते. मग 'वर्ल्ड्स' फोल्डरमधलं तुमच्या जगाच्या नावाचं अख्खं फोल्डर उचलून पेनड्राइव्हवर आणि ऑनलाइन ड्राइव्हवर ठेवा, नावात तारीख घाला. सोबत एक साधी मजकूर-फाइल टाका: कुणी काय बांधलं त्यांची टोपणनावं, पुढच्या वर्षीच्या मुलांना बदल करायला परवानगी आहे की नाही, लुआंतीची आवृत्ती कुठली, खेळ कुठला आणि कोणकोणते मॉड लावले होते. मॉडची यादी विसरू नका. एखाद्या मॉडमधला दगड वापरून तट बांधला असेल आणि पुढच्या बॅचकडे तो मॉड नसेल, तर तुमचा बुरुज त्यांना 'अननोन नोड' लिहिलेल्या ठोकळ्यांचा दिसेल.